कोंबडी लंगडते कशाने?



कापसाला जोड म्हणून ब्रॉयलर कोंबडीचे शेड घातलेल्यांची तक्रार एकच : पक्षी वाढत नाही, तिसऱ्या आठवड्यातच लंगडतो, बसून राहतो. सांगणारे सांगतात, 'तुमची निगा कमी पडली.' कापूस कमी पिकला तरी हेच ऐकायचे, कोंबडी बसली तरी हेच! हा शेरा मान्य करण्याआधी तराजू हातात घ्या.

चाळीस ग्रॅमचे पिल्लू सातव्या दिवशी किमान १६० ग्रॅम भरले पाहिजे. हजारातली पन्नास तरी पिल्ले वेगवेगळ्या कोपऱ्यांतून धरून तोला. इथेच वजन कमी भरले तर बहुधा ऊब, पाणी किंवा मुळात पिल्लू यांत खोट आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या उंचीवर ३२-३३ अंश ऊब लागते. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट चालला, म्हणजे ती गारठली आहेत. सातव्या दिवशी वजन बरोबर, पण पुढे मागे पडली, तर आधी खाद्य तपासा.

खाद्य घरी मिसळणाऱ्यांनी हे नीट ऐकावे. चांगली पांढरी ज्वारी मक्याच्या जागी चालते. पण पावसात सापडलेली काळी ज्वारी, जिला व्यापारी हात लावत नाही, ती कोंबडीला दळू नका. बुरशीचे विष यकृत बिघडवते, वाढ खुंटवते. काही बुरशी नळीच्या हाडाची वाढच वाकडी करतात. सरकी ढेपेचेही तसेच. तिच्यातले गॉसिपॉल मोठ्या बैलाच्या पोटात बरेचसे निकामी होते, कोंबडीच्या पोटात नाही. शिवाय ज्वारी आणि सरकी, दोन्हींत लायसिन कमी. त्यापेक्षा सोयाबीनची ढेप घ्या. कच्चे सोयाबीन मात्र नको, ते पचत नाही.

आता पाय. मेलेल्या पिल्लाचे नळीचे हाड मोडून पाहा. निरोगी हाड कटकन मोडते. ते वाकले, चोचही रबरासारखी मऊ लागली, तर तो मुडदूस. इथे आपण सगळे एकच करतो : शिंपल्याची पूड वाढवतो. शिंपल्यात कॅल्शियम आहे, फॉस्फरस नाही. धान्यातला बराचसा फॉस्फरस कोंबडीला पचत नाही आणि जादा कॅल्शियम उरलेलाही अडवते. म्हणजे औषध म्हणून घातलेल्या पुडीनेच रोग वाढतो! डायकॅल्शियम फॉस्फेट आणि जीवनसत्त्व ड-३ प्रमाणात हवे. बोटे आत वळली तर जीवनसत्त्व ब-२ कमी. लवकर दिले तर पक्षी सुधारतो. गुडघ्यामागची शीर सरकून पाय बाजूला फिरला, तर मँगनीज किंवा कोलीन कमी. तो पक्षी सुधारत नाही, बाकीचे वाचवा. सांधा सुजून गरम लागला तर जनावरांच्या डॉक्टरला दाखवा, दुकानदाराला विचारून औषध पाजू नका. तूस ओले राहिले तर तळपाय सडतात. ते रोज उलथा.

करारावर पक्षी पाळणाऱ्यांचे वेगळे. पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेड आपले, वीजबिल आपले, जागरण आपले. वाढ कमी आली की कपात आपल्या मजुरीतून. तेव्हा दर आठवड्याच्या वजनाच्या कागदावर सुपरवायझरची सही घ्या आणि खाद्याच्या प्रत्येक खेपेतले अर्धा किलो, तारीख घालून, त्याच्यासमोर पिशवीत बंद करून कोरड्या जागी ठेवा. हिशेबाच्या दिवशी दोन्ही बरोबर न्या.