निरोप्याचा वारसा



प्राचीन ग्रीकांचा हर्मीस हा देवांचा निरोप्या; प्रवासी, व्यापारी आणि चोर यांचाही देव. रोमनांनी त्यालाच मर्क्युरी मानले. इंग्रजीत बुध ग्रह आणि पारा आजही त्याच नावाने ओळखले जातात. अर्थनिर्णयाच्या शास्त्रास ‘हर्मेन्युटिक्स’ म्हणतात. त्यामागील ग्रीक शब्दाचा अर्थ दुभाषी. परंपरेने त्याचेही नाते हर्मीसशी जोडले आहे. निरोप्याने नुसते शब्द नव्हे, अर्थ पोहोचवायचा असतो.

महाराष्ट्राबाहेरच्या या शाळेतील मुले उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर प्रांताची भाषा बोलतात, तीही दुभाषीच. मात्र घरातली मराठी थांबली, तर त्यांच्यापाशी पोहोचवायला निरोपच उरणार नाही. हीरक महोत्सवी वर्षात एवढेच मागणे: घरी मराठी बोलत राहा.