बेवारस दुःखाची वर्गणी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले, तेव्हा मी नव्या कामगार संहितांवर बोलेन अशी त्यांची समजूत होती. नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या आहेत आणि त्यांच्याविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु त्यावर मी मोंढ्यात रोजच बोलतो. आज मला वर्गणीविषयी बोलायचे आहे. संघटनेच्या कामात माझे निम्मे आयुष्य पावती पुस्तक काखेत मारून हिंडण्यात गेले. भाषण करणारा पुढारी लोकांना दिसतो, दारोदार फिरणारा दिसत नाही. पण कोणत्याही संपाचे तिसऱ्या आठवड्यात काय होणार, हे भाषण करणाऱ्यापेक्षा पैसे मोजणाऱ्याला आधी कळलेले असते.

वर्गणी कशाची, तर एका चित्रपटाची. आणि चित्रपट कशावर, तर दोन पुरुषांच्या प्रेमावर, आणि त्यांतला एक गेल्यावर दुसऱ्याच्या वाट्याला आलेल्या शोकावर. काही मंडळी खुर्चीत सावरून बसली, ते मी पाहिले. बसा, उठून जावे असे मी काही बोलणार नाही.

माध्यमांचे शिक्षण घेणारा आपल्याच भागातला एक विद्यार्थी गेल्या पावसाळ्यात संघटनेच्या खोलीवर आला. "काका, लातूरच्या मोंढ्यात दोन दिवस चित्रण करायचे आहे, परवानगी मिळवून द्याल का?" एवढेच त्याचे मागणे होते. गोष्ट विचारली तेव्हा थोडा घुटमळला, मग त्याने सांगितली. गंजगोलाईच्या मागे एका खोलीत दोघे अकरा वर्षे राहतात. एक अडतीवर मुनीम, दुसरा हमाल. मुनीम तापाने जातो. गावाकडून भाऊ-भावजया येतात, देह घेऊन जातात. हमाल दहाव्याला त्या गावी पोहोचतो खरा, पण घाटावर त्याला कोणी ओळखत नाही, आणि कोणी विचारले तर आपण कोण म्हणून सांगावे, हे त्यालाही ठरवता येत नाही. वीस-पंचवीस मिनिटांचा चित्रपट. मी त्याचे अंदाजपत्रक मागून घेतले. कॅमेऱ्याचे भाडे, ध्वनिमुद्रणाचे, दिव्यांचे, प्रवास असे सर्व मिळून एक लाख ऐंशी हजार. त्यात दिवे उचलणाऱ्या आणि सामान वाहणाऱ्या माणसांच्या मजुरीचा रकानाच नव्हता. ती कामे मित्र करणार होते. जेवणाचा आकडा सर्वांत लहान. मी म्हणालो, हमालावरचा चित्रपट फुकटच्या हमालीवर काढणार का? मजुरीचा रकाना घातला, जेवण वाढवले, आणि बेरीज दोन लाख दहा हजारांवर गेली. बिचारा आला होता परवानगी मागायला, आणि तीस हजारांचा बोजा घेऊन परत गेला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या मुलांच्या अंतिम चित्रपटाचा खर्च संस्था उचलते. आपल्या जिल्ह्यातली मुले घरून आणतात किंवा उसने काढतात. म्हणून वर्गणी.

आता असे पाहा, की दुःख ही गोष्ट आपल्या लातूर-नांदेडकडच्या माणसाला कोणी शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, जवळजवळ आठ हजार माणसे गेली. मी तेव्हा ऐन विशीत होतो. सामुदायिक चिता पेटत होत्या आणि बाजूला बसून रडणाऱ्याला 'तू मयताचा कोण?' असे कोणी विचारत नव्हते. पुढे मदतीच्या याद्या निघाल्या, आणि यादी म्हटली की नात्याचा रकाना आलाच. सरकारला दोष द्यावा असे मला यात वाटत नाही. पैसे वाटायचे तर कोणाला हे ठरवावेच लागते. पण त्या रकान्यात जे नाते बसत नाही, त्याचे काय होते, हा प्रश्न मला तेव्हापासून चिकटला आहे. तहसील कचेरीत वारसाच्या दाखल्यासाठी ज्याने खेटे घातले आहेत, त्याला 'वारस' या तीन अक्षरांचे वजन ठाऊक आहे.

कामगाराच्या बाबतीत ते वजन कसे पडते, ते सांगतो. प्रॉव्हिडंट फंडाची १९५२ ची योजना घ्या. तिच्यात पुरुष सभासदाचे कुटुंब म्हणजे बायको, मुले, त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील, मयत मुलाची विधवा आणि तिची मुले. असे कुटुंब असेल तर नामनिर्देशन कुटुंबातल्याच माणसाचे करावे लागते. बाहेरच्याचे केले तर ते रद्द. कुटुंबच नसेल तर कोणाचेही नाव घालता येते. म्हणजे म्हातारी आई पोटाशी असलेल्या माणसाने अकरा वर्षांच्या सोबत्याचे नाव त्या फॉर्मवर लिहिले, तर ती शाई वाया गेली. आईला पैसे मिळू नयेत असे कोणीच म्हणणार नाही. पण सोबत्याचे नाव त्या फॉर्मवर कोठेही येऊ शकत नाही, एवढे लक्षात घ्या.

कायदा काही अंगाने हलला आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांपुरता ३७७ कलमाचा फास काढला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने लग्नाचा हक्क मात्र मान्य केला नाही. तो संसदेचा विषय म्हणून सोडला. त्यानंतर २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात केंद्र सरकारची काही पत्रके निघाली. अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडता येते, एकमेकांना नॉमिनी करता येते. शिधापत्रिकेसाठी त्यांना एका घरातले धरावे. आणि जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात मागता यावा. ही पत्रके आपल्याकडच्या किती कचेऱ्यांत टेबलावर पोहोचली असतील, याचा अंदाज आपणच करा. शिवाय नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. तो पैसे उचलतो, ते पैसे कोणाचे हा प्रश्न उरतोच. आणि शेवटच्या सवलतीतली अट पाहा: नातेवाईक नसतील तेव्हा. नातेवाईक तर बहुधा असतातच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केरळच्या उच्च न्यायालयापुढे असाच अर्ज आला. एक तरुण इमारतीवरून पडून वारला होता. त्याच्यासोबत राहणाऱ्या तरुणाने त्याचा देह मिळावा म्हणून दाद मागितली. अखेर देह घरच्यांकडे गेला आणि सोबत्याला रुग्णालयात अखेरचे दर्शन घेता येईल, एवढी सोय न्यायालयाने करून दिली. आपल्या माणसाचे तोंड पाहायला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले! मी हे आमच्या हमालांच्या बैठकीत सांगितले, तेव्हा मागे बसलेले एक म्हातारे हमाल म्हणाले, "रडाया बी परवाना लागतो का, भाऊ?" चित्रपटाचा विषय मला त्या क्षणी पुरता कळला. तोवर मी तो मुलाच्या आग्रहाखातर समजून घेत होतो.

हा विषय मराठीला नवा आहे असेही नाही. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगभूमीवर आले; 'उंबरठा'त, १९८२ साली, महिलाश्रमातल्या दोन स्त्रियांची ओढ दिसली. आणि अलीकडे रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं'. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागाचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले; सप्टेंबरात तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. आप्तांची लग्नाची टोचणी चालू असते, आणि तिथेच लहानपणचा मित्र बाळ्या, जो शेती करतो, त्याच्याशी त्याचे सूत पुन्हा जुळते. आरडाओरड नाही, मारामारी नाही. गावातले सुतक जसे असते तसे दिसते: जेवणे, कुजबुज, पाव्हणेरावळे. दिग्दर्शक मुंबईच्या झोपडपट्टीत वाढलेले, वडील मोटारचालक. वडील गेल्यावर गावी काढलेल्या दिवसांतून ही गोष्ट त्यांना सुचली. त्याआधी २०१९ मध्ये त्यांनी 'उ उषाचा' हा लघुपट केला होता. त्यात शेतमजुरी करणारी एक निरक्षर आई शाळेतल्या बाईंकडे ओढली जाते आणि त्या ओढीने अक्षरे शिकू लागते. साक्षरतेच्या वर्गात मी अनेक वर्षे माना मोडल्या. लोक कशापायी शिकतात, याचे इतके खरे उत्तर मी सरकारी पुस्तिकेत वाचले नाही.

'साबर बोंडं'ला पैसा भारत, ब्रिटन आणि कॅनडा अशा तीन देशांतून मिळाला. मिळाला ते चांगलेच झाले. पण आमच्या मुलाला लंडन ठाऊक नाही, त्याला मोंढा ठाऊक आहे. आणि लहान माणसांच्या पैशातून चित्रपट उभा राहतो, याचे दाखले आहेत. श्याम बेनेगल यांचा १९७६ चा 'मंथन' गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन काढला. हिशेब सोपा आहे, दहा लाख झाले. पटकथा पुन्हा तेंडुलकरांचीच. चित्रपट लागला तेव्हा खेड्यापाड्यांतून माणसे ट्रक भरभरून आली, आपला चित्रपट पाहायला.

'मंथन'मागे निदान एक मोठी सहकारी संस्था उभी होती. माझ्या मनाला त्याहून जवळचा दाखला केरळचा आहे. पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या जॉन अब्राहम यांनी मित्रांसह 'ओडेसा' नावाचा गट काढला. गावोगाव जाऊन ते चॅप्लिनचा 'द किड' दाखवत आणि जमलेल्या लोकांपुढे झोळी धरत. त्या पैशातून १९८६ मध्ये 'अम्मा अरियान' तयार झाला. त्याची गोष्ट ऐका. एका तरुणाने आत्महत्या केलेली असते. एकजण ही बातमी त्याच्या आईला सांगायला कोचीकडे निघतो; वाटेत मयताचे एकेक मित्र त्याला मिळत जातात आणि शेवटी आईच्या दाराशी माणसांचा एक जथाच उभा राहतो. चित्रपटातही माणसे गोळा होतात, आणि तो काढण्यासाठीही तशीच झाली होती.

म्हणून मी त्या मुलाला सांगितले की एका धनिकाचे दोन लाख घेऊ नको. तसा एकजण तयारही होता. त्याची अट इतकीच, की गोष्ट थोडी बदलावी, दोघांना भाऊ दाखवावे. दुसऱ्या एका भल्या गृहस्थाचा सल्ला असा, की पैसे शेतकरी आत्महत्येच्या चित्रपटासाठी मागावेत आणि काढायचा तो काढावा. हे मला मुळीच पसंत पडले नाही. वर्गणी देणाऱ्याला ती कशासाठी, हे पावती फाडण्यापूर्वी कळलेच पाहिजे. सांगितल्यावर दहांतले आठ नाही म्हणतील. ठीक आहे, दोघांची पावती फाडावी. संपफंडालाही काही सगळे देत नाहीत.

आमच्या बैठकीतही विरोध झाला. सोयाबीनला भाव नाही, लेव्ही थकली आहे, पोरांच्या फिया आहेत, आणि हे कुठले नवे? बोलणारा खोटे बोलत नव्हता. मी त्याला एवढेच विचारले, की आपल्या यादीत एकटे राहणारे, बिनलग्नाचे म्हणून ज्यांना आपण हसतो, असे किती सभासद आहेत? त्यांच्या फॉर्मवर कोणाची नावे आहेत, हे कधी पाहिलेस? तो गप्प राहिला. पुढे त्याने वर्गणी दिली असे सांगितले तर गोष्ट छान होईल, पण त्याने दिली नाही. बैठकीने मात्र संघटनेच्या पैशाला हात न लावता, ज्याने त्याने स्वखुशीने द्यावे, असे ठरवले. पहिल्या दिवशी चाळीसजणांनी वीस-वीस रुपये दिले.

पावतीवरच्या नावाचा प्रश्न अवघड निघाला. पुष्कळजण म्हणाले, पैसे घ्या, नाव लिहू नका. संपाच्या दिवसांत मोंढ्यातले काही व्यापारीही आम्हांला असेच रात्री पैसे देत, तेव्हा मला त्याचे नवल वाटले नाही. पण इथे भीती वेगळी आहे: अशा चित्रपटाला पैसे दिले म्हणजे लोक आपल्यालाही 'त्यातला' समजतील. म्हणून स्थळप्रतीवर 'एक हितचिंतक' लिहायचे, रक्कम आणि तारीख मात्र खरी लिहायची, असे ठरले. हिशेब दर महिन्याला खोलीच्या दारावर लावतो. मोबाइलवरून येणारे पैसेही वहीत चढतात. त्या मार्गाने नाव आपोआप उमटते, हे देणाऱ्याला आधीच सांगतो. एका संध्याकाळी एक मध्यमवयीन गृहस्थ आले. पाचशे रुपये ठेवले, पावती घेतली नाही, पाणी प्याले, आणि त्या मुलाला म्हणाले, "शेवटी त्याला घाटावर बसू द्या हो." इतकेच बोलून गेले. मुलाने पटकथा बदलली नाही. माझ्या मते ते बरोबर केले. पण त्या पाचशेंची नोंद कोणत्या शब्दांत करावी, यावर आम्ही दोघे बराच वेळ बसलो होतो.

एक पथ्य मात्र मी त्याच्याकडून लिहून घेतले आहे. लातूर लहान गाव आहे. गल्ली दिसली की लोक घर ओळखतात, घर ओळखले की माणूस. तेव्हा कोणा जिवंत किंवा गेलेल्या माणसाची गोष्ट त्याच्या संमतीवाचून घ्यायची नाही, आणि खोली दाखवायची ती अशी, की तिथे पूर्वी कोण राहत होते असा शोध कोणी लावू नये. दोन दिवसांचे चित्रण झाले की तो पुण्या-मुंबईला जाईल, ओळखला गेलेला माणूस मात्र इथेच राहणार.

आजपर्यंत त्र्याण्णव हजार चारशे रुपये जमले आहेत. एका हमालाने टेम्पो दिला आहे, एका खानावळवाल्या बाईंनी दोन दिवसांचे पिठले-भाकरीचे जेवण कबूल केले आहे. त्यांची किंमत वहीत वेगळी मांडली आहे. सभागृहात पैसे गोळा करू नयेत असा व्याख्यानमालेचा नियम आहे आणि तो योग्यच आहे, तेव्हा येथे पावती पुस्तक आणलेले नाही. रविवार सोडून रोज संध्याकाळी सहा ते आठ ते संघटनेच्या खोलीवर असते. नाव सांगायचे की नाही, ते आपण तिथे आल्यावर ठरवा.