एक मोठं पातेलं की आठ ट्रे?

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "बटाटे." त्यांना वाटलं मी गंमत करतोय. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाने ठेवींवर बोलावं, व्याजदरावर बोलावं, फार तर फोनवरून होणाऱ्या फसवणुकीवर बोलावं. पण त्या विषयांवर मी आपल्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी बोलतोच, आणि ऐकणारे आता मला बघून बाक बदलतात. म्हणून आज बटाटे.

गेल्या 26 जानेवारीला झेंडावंदनानंतर आपण सगळ्यांनी चीज घातलेला, वरून कुरकुरीत असा एक बटाट्याचा पदार्थ खाल्ला. मुलांनी त्याला 'चीजवाले बटाटे' असं नाव ठेवलं. पदार्थाचं खरं नाव मी त्या दिवशी मुद्दामच सांगितलं नाही. सणाच्या दिवशी ते बरं दिसलं नसतं. आज सांगतो. अमेरिकेत युटा नावाचं राज्य आहे, तिथे आणि आसपासच्या भागात याला 'फ्यूनरल पोटॅटोज' म्हणतात. म्हणजे अंत्यविधीचे बटाटे. कुणाच्या घरी मयत झालं, की दफनानंतर नातेवाइकांना जे जेवण दिलं जातं, त्यात हा पदार्थ हमखास असतो. इतका, की 2002 साली सॉल्ट लेक सिटीत हिवाळी ऑलिम्पिक झालं तेव्हा आठवण म्हणून विकायच्या बिल्ल्यांतसुद्धा या बटाट्यांचा एक बिल्ला होता! इतर राज्यांत हाच पदार्थ पार्टीतही करतात, तेव्हा नाव बदलतं एवढंच.

2014 साली मी आणि माझी पत्नी मुलीकडे युटाला पाच महिने राहिलो होतो. मुलीच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ वारले. तिथे मॉर्मन पंथाची वस्ती मोठी आहे. त्या पंथाच्या स्त्रियांची 1842 साली स्थापन झालेली एक संघटना आहे. तिचं नाव 'रिलीफ सोसायटी'. नाव ऐकून मला गंमत वाटली, म्हटलं, आपलीही सोसायटीच! दुःखाच्या घरच्या जेवणाचं काम या बायका बघतात. आमची मुलगी त्यांच्या पंथाची नाही, पण शेजारीण आहे. म्हणून तिलाही फोन आला. फोनवर त्या बाईंनी "काही मदत कराल का?" असं विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "बटाट्याचा एक ट्रे, शुक्रवारी साडेअकरापर्यंत, चर्चच्या हॉलच्या मागच्या दाराने." बस्स. सोबत कृती पाठवली. ट्रेच्या तळाला चिकटपट्टीवर नाव लिहा, म्हणजे भांडं परत मिळेल, अशी सूचनाही.

आता कृती सांगतो, कारण भगिनीवर्गातून आणि दोन-तीन बंधूंकडूनही मागणी आहे. तिकडे किसलेला बटाटा गोठवलेला, पाकिटात तयार मिळतो. त्यात डब्यातलं घट्ट चिकन सूप, आंबट साय म्हणजे सावर क्रीम, चेडर चीज, कांदा आणि बटर मिसळतात. वर बटरमध्ये घोळवलेले कॉर्नफ्लेक्स पसरून ट्रे ओव्हनमध्ये ठेवतात. आम्ही शाकाहारी, म्हणून आमच्या ट्रेमध्ये मशरूमचं सूप गेलं. हे डब्यातलं मशरूम सूप तिकडच्या एका कंपनीने 1934 साली बाजारात आणलं, आणि घरोघरच्या बायकांची पांढरा सॉस ढवळत बसायची कटकट गेली.

आपल्याकडे ते सूप नेहमी मिळत नाही, म्हणून सॉस घरी करायचा. एका ट्रेचं प्रमाण लिहून घ्या. बारा माणसांना पुरतं, पण सोबत इतर पदार्थ आहेत असं धरून. बटाटे एक किलो. सालासकट उकडायचे, पण पूर्ण मऊ करायचे नाहीत, सुरी जरा अडली पाहिजे. मग गार होऊ द्यायचे आणि नंतरच सोलून जाड किसणीवर किसायचे. गरम बटाटा किसलात तर लगदा होतो. कच्चा किसलात तर पाणी सुटतं आणि तो काळा पडतो. सॉससाठी पंचवीस ग्रॅम बटरमध्ये तेवढाच मैदा मंद आचेवर परतायचा, त्यात तीनशे मिलिलिटर दूध थोडं थोडं घालत घट्ट करायचं. सॉस कोमट झाल्यावर तीनशे ग्रॅम चक्का घालायचा. उकळत्या सॉसमध्ये घातलात तर तो फाटण्याची भीती. मग किसलेलं चीज पाव किलो, एक कांदा बारीक चिरून, मिरपूड. आपल्याकडच्या चीजमध्ये मीठ बरंच असतं, म्हणून चव घेतल्याशिवाय वेगळं मीठ घालू नका. सगळं बटाट्यात कालवून बटर लावलेल्या ट्रेमध्ये पसरायचं. वर पन्नास ग्रॅम वितळलेल्या बटरमध्ये घोळवलेले दोन वाट्या कॉर्नफ्लेक्स. ओव्हन 180 अंशांवर, पाऊण तास. कडेला बुडबुडे आले आणि वरचा थर सोनेरी झाला की झालं.

आता शंभर माणसांचा हिशेब. आमचे एक स्नेही म्हणाले, "आठपट करा आणि लग्नातल्या मोठ्या पातेल्यात घाला." इथेच खरी मेख आहे. हा पदार्थ खोल भांड्यात होत नाही. उष्णता बाहेरून आत जाते. पातेलं खोल असेल तर कड करपते आणि मधला भाग थंड राहतो. शिवाय वरचा कुरकुरीत थर तर प्रत्येकाच्या ताटात आला पाहिजे! म्हणून थर दोन इंचांचाच ठेवायचा आणि ट्रे वाढवायचे. शंभर माणसं म्हणजे आठ ट्रे, आणि चार पाहुणे जास्त आले तरी निभतं. बटाटे आठ किलो, चीज दोन किलो, चक्का अडीच किलो, दूध अडीच लिटर, बटर सहाशे ग्रॅम, कॉर्नफ्लेक्स अर्धा किलो.

बँकेतले लोक हे लगेच ओळखतील. फार मोठं कर्ज असेल तर ते एकटी बँक देत नाही. चार-सहा बँका एकत्र येतात, वाटा ठरवतात, त्याला कन्सॉर्शियम म्हणतात. जोखीम वाटली जाते आणि कुणाचंच कंबरडं मोडत नाही. युटाच्या त्या बायका गेली कित्येक वर्षं हेच करतात. शंभर माणसांसाठी एक बाई राबत नाही. आठ घरं आपापल्या ओट्यावर एकेक ट्रे करतात. कृती सगळ्यांची एकच, म्हणून कोणता ट्रे कुणाचा हे खाणाऱ्याला कळत नाही. कुणाची वाहवा नाही, कुणाला नावं ठेवणं नाही. आदल्या रात्री भरून फ्रीजमध्ये ठेवता येतो, सकाळी नुसता भाजायचा. फॉइलने झाकला तर तासभर गरम राहतो. आणि मऊ असतो. ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, त्यालाही दोन चमचे जातात.

26 जानेवारीला आपण तसंच केलं. आठ घरांनी ट्रे भरले. ओव्हन चारच घरी होते, म्हणून उरलेले ट्रे नाक्यावरच्या बेकरीवाल्याने पाव काढून झाल्यावर त्याच्या भट्टीत भाजून दिले. आपल्याकडे जैन कुटुंबं आहेत, ती बटाटा-कांदा खात नाहीत. म्हणून आठांपैकी दोन ट्रे कच्च्या केळ्यांचे आणि बिनकांद्याचे केले. खरं सांगायचं तर केळ्यांचे ट्रे आधी संपले.

इथपर्यंत गंमत झाली. आता मला जे बोलायचंय ते बोलतो.

आपल्याला हे सगळं नवीन नाही. ज्या घरी मयत होतं, त्या घरी त्या दिवशी चूल पेटवायची नाही आणि शेजाऱ्याने पिठलं-भात आणायचा, ही रीत आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिली आहे. वाड्यात आणि चाळीत ते आपोआप व्हायचं. रडण्याचा आवाज आला की समोरच्या खोलीत पिठलं ढवळायला सुरुवात. आता आपली दारं बंद असतात. पण माणुसकी आटली, असं मी मुळीच म्हणणार नाही. माझा अनुभव उलटा आहे.

चार वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. स्मशानातून परत आलो तेव्हा घरात सोळा माणसं होती. आणि ओट्यावर पिठल्याची पाच पातेली! पाच घरांतून आलेली. एवढं पिठलं संपणार कसं? बरंचसं वाया गेलं. दुसऱ्या दिवशी दोन घरांतून इडल्या आल्या. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करून आम्ही परत आलो, आणि त्या दुपारी काहीच आलं नाही. पहिल्या दिवशी पाच जणांनी दिलंय म्हटल्यावर आजही कुणीतरी दिलं असेल, असं प्रत्येकाला वाटलं. त्यात वाईट काहीच नाही, मलाही तसंच वाटलं असतं. पण माझ्या थोरल्या बहिणीला मधुमेह आहे. तिने दुपारचे अडीच वाजेपर्यंत चहा-बिस्किटांवर काढलं. शेवटी भाचा खाली जाऊन जेवण घेऊन आला. जिन्यात भेटलेले प्रत्येक जण म्हणत होते, "काका, काही लागलं तर सांगा." मनापासून म्हणत होते. पण मित्रहो, त्या दिवशी माणूस सांगत नाही. पत्नीला पोहोचवून आलेला माणूस शेजारच्या दाराची बेल वाजवून "आमच्याकडे अकरा जणांचं जेवण नाही" असं सांगू शकत नाही. प्रेम भरपूर होतं, फक्त यादी नव्हती.

आपली संस्था 1960 च्या सहकार कायद्याखाली नोंदलेली आहे. आपल्या पोटनियमांत देखभाल खर्च आहे, सिंकिंग फंड आहे, पार्किंग आहे, गळतीसुद्धा आहे. कुणाच्या घरी चूल पेटली नाही तर काय, याचं कलम नाही. ते कायद्यात येणारही नाही. ते आपणच लिहायचं असतं. आणि आता त्याची गरज आहे. पंचवीस वर्षांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हा आपण पन्नाशीच्या आत-बाहेर होतो आणि जिन्यात मुलांचा दंगा होता. आज माझ्या विंगेत किती दारांमागे फक्त दोन म्हातारी माणसं आहेत, किंवा एकच, हे तुम्ही जाणता. मुलं पुण्याबाहेर, देशाबाहेर. त्यांना यायलाच एक-दोन दिवस लागतात. ते दोन दिवस शेजाऱ्यांचे आहेत.

म्हणून रौप्यमहोत्सवानिमित्त माझी एक सूचना आहे. प्रत्येक विंगेत अठ्ठावीस घरं आहेत. तीन दिवस, दोन वेळा, म्हणजे सहा जेवणं. प्रत्येक जेवणाला दोन घरं, एकाने वरण-भात, दुसऱ्याने पोळी-भाजी. झाली बारा घरं. सकाळच्या दूध-चहाला आणखी दोन. एकूण चौदा, म्हणजे निम्मी विंग. पुढच्या वेळी उरलेली निम्मी. प्रत्येक विंगेत एका व्यक्तीकडे यादी असेल आणि फोन तीच करील. दुःखाच्या घरी कुणी काही विचारायचं नाही, फक्त किती माणसं आहेत आणि कुणाला काय चालत नाही, एवढं एकदा. ज्यांना अन्न नको असेल त्यांनी नको म्हणावं, राग नाही. ज्यांना आता ओट्याशी उभं राहवत नाही, माझ्यासारखे, त्यांनी फोन करण्याचं आणि रिकामी भांडी परत पोहोचवण्याचं काम घ्यावं. कुणी रुग्णालयात असेल, कुणाकडे बाळंतपण असेल, तेव्हाही हीच यादी चालेल.

अंत्यविधीला चीजचे बटाटे करा असं मी म्हणत नाही, हे कृपया लक्षात घ्या. नाहीतर उद्या माझ्याच नावावर खपेल! आपला पिठलं-भात उत्तम आहे. तो करणारे हात या सभागृहात आहेत, पाच पातेल्यांची साक्ष मी दिलीच आहे. युटाहून आणायची ती फक्त त्या फोनची पद्धत: काय, किती, कधी, कोणत्या दाराने.

सूचनाफलकाशेजारी टेबलावर प्रत्येक विंगेचा एक कागद ठेवला आहे. जेवायला जाण्याआधी नाव आणि सदनिका क्रमांक लिहा. पेन दोऱ्याने बांधलं आहे, बँकेची सवय. आणि घरी गेल्यावर आपल्या एका मोठ्या पातेल्याच्या तळाला नावाची पट्टी चिकटवा.