खाऱ्या चिखलातला मूषक
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले भाषण)



बाप्पाच्या पायाशी बसलेल्या मूषकाला आपण सगळे ओळखतो. आज त्याच्या एका दूरच्या भाऊबंदाची ओळख करून देतो. हा राहतो अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठी. आपल्यापैकी अनेकांची मुलं-सुना ज्या सिलिकॉन व्हॅलीत नोकरीला आहेत, तिच्या अगदी उशाशी. जगात इतर कुठेही तो सापडत नाही.

शेपूट सोडली तर अंगठ्याएवढा, वजन जेमतेम दहा ग्रॅम. भरती-ओहोटीच्या खाऱ्या दलदलीत, मांसल देठांच्या खारट झुडपांत त्याचा संसार. उत्तर भागातला उंदीर तर समुद्राचं पाणी पिऊनही जगतो. पोहण्यातही पटाईत. मोठी भरती आली की उंच झुडपावर चढतो, नाहीतर काठाच्या चढावरच्या गवतात लपतो. पाणी ओसरलं की परत घरी.

म्हणजे त्याला जागा दोन लागतात: राहायला दलदल आणि भरतीच्या वेळी आसऱ्याला काठ.

गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत माणसाने तिथली सुमारे ८० टक्के दलदल शेती, शहरं आणि मिठागरांसाठी घेतली. १९७० साली हा उंदीर धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत गेला. २००३ मध्ये सरकारने मीठ कंपनीकडून १५,००० एकरांहून अधिक जागा घेतली. तिथल्या काही मिठागरांचे बांध फोडून भरतीचं पाणी पुन्हा आत सोडलं. दलदल हळूहळू परत येते आहे. पण काठ? तिथे रस्ते आणि इमारती पार पाण्यापर्यंत आल्या आहेत. भरतीत उंदीर उघड्या बांधावर येतो आणि बगळ्यांच्या, घारींच्या तावडीत सापडतो. त्यात समुद्राची पातळी वाढते आहे.

गोव्यात आपल्याला मिठागर, खाजन, बांध, मानस हे शब्द समजावून सांगायला नकोत. खाजनाची काळजी करणारे आपल्याकडे आहेत. पण खाजनाला लागून असलेल्या चढावाला आपण सहज ‘पडीक’ म्हणतो, आणि तिथे मातीचा ट्रक रिकामा झाला तरी कुणी विचारत नाही. पुढच्या वेळी कोणी म्हणालं, “तिथे काहीच नाही,” तर एकच विचारा: मोठ्या भरतीच्या रात्री तिथे कोण येतं?

गणपती बाप्पा मोरया!