दारावरची नोकरी

भर दुपारी बेल वाजते. दारात टाय लावलेला, घामानं भिजलेला विशीतला मुलगा उभा असतो. आपण ‘नको’ म्हणून दार लावतो. अशा एकाला मी पाणी दिलं, बसवून घेतलं. जाहिरातीत ‘ऑफिस स्टाफ पाहिजे, अनुभवाची अट नाही’ असं होतं म्हणाला. मुलाखतीनंतर अनामत घेतली आणि तिसऱ्या दिवशी खांद्यावर मालाची बॅग दिली. पगार नाही, विकलं तर कमिशन. ‘सहा महिन्यांत मॅनेजर व्हाल’ हे मात्र रोज सकाळी टाळ्यांच्या गजरात ऐकवतात. माल खपला नाही, की दोष त्याच्याच जिद्दीचा. गावी आईला त्यानं ‘ऑफिसात लागलोय’ एवढंच कळवलंय.

ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ प्रमाणे थेट विक्री करणाऱ्या कंपनीला विक्रेत्याकडून नोंदणी शुल्क किंवा प्रात्यक्षिकाच्या साहित्याचे पैसे घेता येत नाहीत. लेखी करारही करावा लागतो. घरातल्या मुलांना हे सांगून ठेवा. जी नोकरी आधी पैसे मागते, तिथलं पहिलं गिऱ्हाईक आपणच असतो. आणि दारावरच्या मुलाकडून माल घ्यायचा नसेल तर घेऊ नका. पण ‘बाळा, पगार मिळतो का?’ एवढं जरूर विचारा.