डोंगराळ गावांसाठी बिनतारी जाळे
(एका भाषणाचा मजकूर)

खेड्यात इंटरनेट न्यावयाचे म्हटले की प्रथम उंच मनोराच डोळ्यांपुढे येतो. सपाट मुलखात ते ठीक आहे. डोंगराळ भागात मात्र मनोरा आणि घर यांच्यामध्ये एखादी डोंगराची सोंड आडवी येते व लहरी तेथेच अडतात. हिमाचल प्रदेशातील धरमशाला येथे हीच अडचण होती. जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्‌झची वायफाय लहरपट्टी उघड्यावर वापरण्यास परवान्याची अट उरली नाही. पुढच्याच महिन्यात धौलाधारच्या पायथ्याशी मेश जाळे उभे राहिले आणि फेब्रुवारीअखेर आठ संस्थांची आवारे जोडली गेली.

आग विझविताना माणसांची रांग लावून घागरी हातोहात पुढे दिल्या जातात, तसाच हा प्रकार. जाळ्यातील प्रत्येक यंत्र स्वतःचा संदेश घेते व शेजाऱ्याचाही पुढे पोहोचविते. एक यंत्र बंद पडल्यास संदेश दुसरी वाट शोधतो. जेथे विजेचा भरवसा नाही, तेथे हा गुण अमोल होय. अर्थात दुसरी वाट असेल तरच! टोकाच्या ज्या शाळेला एकच शेजारी आहे, तिला जाळ्याचा हा लाभ नाही.

या सोयीची किंमतही मोजावी लागते. सर्व यंत्रे एकाच लहरीवर बोलत असल्याने ऐकणे व बोलणे एकाच वेळी साधत नाही. दुसऱ्या टप्प्यावर वेग जवळजवळ निम्मा होतो. धरमशालेत पुढे तीसहून अधिक केंद्रे झाली आणि दोन हजारांवर संगणक जोडले गेले. पण बाहेरची जोडणी एकूण सहा मेगाबिटची असल्याने इंटरनेट सुमारे पाचशेंनाच मिळाले. तरीही उरलेले संगणक रिकामे बसले नाहीत. आपापसांत कागदपत्रे पाठविणे, चित्रफिती पाहणे, दूरध्वनीवर बोलणे ही कामे गावातल्या गावात होत राहिली. योजना आखताना ही बाजू सहसा विसरली जाते.

खरी कसोटी यंत्र बसविल्यानंतर लागते. धरमशालेत माकडांचा उपद्रव होता. आपल्याकडे पावसाळी विजा आहेत. सौर तावदानावरची धूळ पुसणे, बॅटरीतील पाण्याची पातळी पाहणे ही कामे रोजची नसली तरी चुकविता येत नाहीत. यंत्र बहुधा शाळेच्या छपरावर असते आणि उन्हाळी सुटीत शाळेला कुलूप लागते. किल्ली कोणाकडे राहील, हे पंचायतीने यंत्र बसविण्यापूर्वीच ठरवावयास हवे.