आजीच्या आईचं नाव शोधायला आम्ही निघालो

भाताची कामं उरकत आली असतील. आम्ही निडीच्या बचत गटाच्या बाया. आज हप्ता, कर्ज, व्याज यातलं काही बोलणार नाही. कोजागिरीनंतर आम्ही सगळ्या मिळून एक दिवस कुठे गेलो आणि काय शोधून आलो, ते सांगणार आहोत.

सुरुवात झाली एका दाखल्यावरून. आमच्यातल्या एका ताईला ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर उभं राहायचं होतं. त्यासाठी जातीचा दाखला हवा आणि बाईची जात धरली जाते ती जन्माने, म्हणजे वडिलांकडून. नवऱ्याच्या कागदांचा तिथे उपयोग नाही. ताईचे आईवडील वारलेले, भाऊ मुंबईला. कागद जमवताना तिच्या नाकी नऊ आले. त्या मीटिंगला आम्ही सहज विचारलं, "बायांनो, आपल्या आईच्या आईचं माहेरचं नाव कोणाकोणाला सांगता येईल?" आम्ही अकराजणी होतो. तिघींनाच सांगता आलं.

गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी गप्प बसून होत्या. मग म्हणाल्या, "आजीचं सोडा गो, मला माझ्या आईचंच माहेरचं नाव ठाऊक नाही. सासरी आल्यावर बदललं, तेच राहिलं." त्यांना एवढंच माहीत होतं की आई रायगडाच्या पायथ्याकडची, मामाचं आडनाव अमुक, आणि मामा एकदा नाचणीचं गाठोडं डोक्यावर घेऊन आला होता. आई गेली तेव्हा आजी नऊ वर्षांच्या होत्या. पुढे जाणं-येणं तुटलं ते तुटलंच.

तेव्हाच ठरलं, जायचं. हळवं भात कापून झालं होतं, गरवं अजून उभं होतं, मधले चार दिवस मोकळे होते. गाडी भाड्याने केली, पैसे सगळ्यांनी वाटून घेतले. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, कांदा बांधून घेतला आणि पहाटे निघालो. कोलाड, माणगाव करत महाड. महाडात चवदार तळ्यावर उतरून पाणी पाहिलं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकरांनी इथे सत्याग्रह केला. त्याच वर्षी डिसेंबरात ते पुन्हा महाडला आले तेव्हा बायांशी वेगळं बोलले, हे आमच्यातल्या कितीतरी जणींना नव्याने कळलं.

तिथून पाचाडकडे वळलो. पाचाडला जिजाऊंची समाधी आहे. महाराजांचा राज्याभिषेक 6 जून 1674 चा, आणि जिजाऊ गेल्या 17 जूनला, म्हणजे अकरा दिवसांनी. समाधीला हात जोडताना आजी म्हणाल्या, "हिचं माहेर शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. सिंदखेडचे जाधव."

मामाच्या आडनावावरून आम्ही आधीच फोनाफोनी करून एक वाडी शोधून ठेवली होती. तिथे एका घरी म्हातारे बाबा भेटले. आजींनी नाव-गाव सांगितलं तसे ते म्हणाले, "आमची एक आत्या रोह्याकडे दिली होती खरी." आजींचा हात धरून त्यांनी त्यांना ओटीवर बसवलं. घरच्या सुनेने चहा केला. मग बाबांनी ट्रंकेतून जुने फेरफार काढले. त्यात आजींच्या आजोबांचं नाव होतं. खाली वारस म्हणून दोन मुलगे. मुलीचा उल्लेखच नाही.

गावच्या जुन्या जन्मनोंदीची नक्कलही बाबांच्या नातवाने काढून आणलेली होती. तिच्यात बापाचं नाव, तारीख आणि पुढे एकच शब्द: मुलगी. नाव नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "आम्ही तिला बायआत्याच म्हणायचो. खरं नाव कोणी घेतलंच नाही."

आजी रडल्या नाहीत. कागदावरच्या त्या शब्दावर बोट ठेवून बसल्या. निघताना सुनेने त्यांची ओटी भरली. सत्तरी उलटलेल्या बाईची आईच्या माहेरी ओटी भरली गेली, तेव्हा डोळे आमचे भरले.

एवढं आलो तर गड चढायचाच होता. आजींना रोपवेने पाठवलं, सोबत दोघी दिल्या. बाकीच्या चित दरवाजाकडून पायऱ्यांनी. दीड हजाराच्या आसपास पायऱ्या आहेत. ऑक्टोबरचं ऊन, त्यामुळे सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर चढावं, हा धडा आम्ही घाम गाळून शिकलो. पाणी भरपूर घ्या, चप्पल नको, बूट घाला, आणि साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा. महादरवाजापाशी पोचेपर्यंत चारदा बसलो. पण शेतात दिवसभर वाकणाऱ्या बाया आम्ही, चढलो.

वर हिरकणी बुरूज पाहिला. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. गडावर दूध घालायला आलेली हिरकणी, कोजागिरीची रात्र, दरवाजे बंद झालेले आणि घरी तान्हं मूल. ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि तिथे बुरूज बांधला, असं सांगतात. ही लोकांनी जपलेली कथा. खाली तिच्या नावाची वाडीही आहे. आजी कड्याकडे बघत म्हणाल्या, "हिच्या बापाचं नाव कोणी सांगत नाही, नवऱ्याचं नाही. हिचं एकटीचं नाव राहिलं. चांगलं झालं."

मैत्रिणींनो, घरी आल्यावर आम्ही एक वही घातली आहे. प्रत्येक मीटिंगची शेवटची दहा मिनिटं तिची. आपलं माहेरचं नाव, आईचं माहेरचं नाव, तिचं गाव, गावदेवी, आजीचं जे आठवेल ते लिहायचं. जिला लिहिता येत नाही तिचं दुसरीने लिहायचं.

आता कामाचं सांगतो. माहेरचे कागद आई-वडील, काका, आत्या आहेत तोवर विचारून घ्या. वडिलांचा, काकांचा, आत्याचा शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, तहसीलमधून गाव नमुना 14 म्हणजे जुनी जन्म-मृत्यू नोंद, आणि जुने सातबारा, फेरफार. जुनी नोंद मोडीत असेल तर मोडी वाचणारा गाठावा लागतो. जातीच्या दाखल्याला अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीचा पुरावा महत्त्वाचा. झेरॉक्स दोन ठिकाणी ठेवा. 2021 च्या जुलैतल्या पुरात महाडकडे किती घरांत पाणी शिरलं, ते आपण पाहिलंच आहे.

वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क 2005 च्या कायद्याने दिला आहे. हक्कसोडपत्रावर सही मागितली तर आधी वाचा, समजून घ्या, मग ठरवा. भावाला प्रेमाने द्यायचं असेल तर द्या, पण काय देतो ते माहीत असू द्या.

1 मे 2024 पासून आपल्या राज्यात जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदावर आधी बाळाचं, मग आईचं, मग बापाचं नाव लागतं. आमच्या आजींना हे सांगितलं. म्हणाल्या, "माझ्या पणतीला तरी शोधत फिरावं लागणार नाही." मग वही मागून घेतली. आईच्या नावाच्या जागी त्यांनी लिहवून घेतलं: बाय.

वहीत तेच राहील. तुमच्याही गटात अशी वही घाला. आणि आज रात्री, जेवणं झाल्यावर, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला एवढंच विचारा: आजी, तुमचं माहेरचं नाव काय?